काकांनी वाडीसाठी केलेला कायदा

परभणी जिल्ह्याला स्वतःचं परराष्ट्र धोरण असायला हवं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा चुलत सासरा निघाला. लोकांच्या सासऱ्यांना तंबाखूचा नाद असतो, पत्त्यांचा असतो, फार झालं तर कोर्टकचेरीचा असतो. आमच्या काकांना आंतरराष्ट्रीय संबंधांचा नाद आहे. जिंतूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी सकाळच्या बसनं पेपर येतो. आला की सगळं गाव जिल्ह्याच्या पानावर तुटून पडतं. कोण वारलं, कापूस काय भावानं गेला, वाढदिवसाच्या जाहिरातीत कुणाचा फोटो राहून गेला. जगाच्या बातम्यांचं पान कुणी वाचत नाही, ते थेट हॉटेलात भजी बांधायला जातं. काका ते पान भज्यांच्या आधी मागून घेतात. एकदा त्यांना उशीर झाला आणि एक गिऱ्हाईक त्या पानात भजी बांधून घरी घेऊन गेलं, तर काका त्याच्या घरी गेले, त्याची भजी खाऊन होईपर्यंत ओट्यावर बसले आणि तेलकट पान घेऊन आले. तेलाचा डाग नेमका आफ्रिकेच्या बातमीवर पडला होता, म्हणून त्या आठवड्यात त्यांनी आफ्रिकेबद्दल मत दिलं नाही. "अर्धवट माहितीवर बोलणं मपल्या तत्त्वात बसत न्हाई," असं म्हणाले. परदेशात कुठेही निवडणूक असली की निकाल लागेपर्यंत ते दाढी करत नाहीत. आता जगात कुठे ना कुठे निवडणूक असतेच, त्यामुळे गुळगुळीत दाढी केलेले काका मी फारसे पाहिलेले नाहीत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते खुंट वाढवूनच उभे आहेत.

लग्नाचं निघालं म्हणून सांगतो. माझे सासरे लवकर गेले. माझी बायको तेव्हा शाळेत होती. तिला काका-काकूंनीच वाढवलं आणि तिचं लग्न ठरवायच्या बैठकीला काकाच बसले. माझं मूळ गाव पिंगळी. पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे हे कळल्यावर त्यांच्या मनात आमच्याबद्दल एकदम आदर निर्माण झाला, कारण त्यांच्या हिशेबी रेल्वे स्टेशन असलेलं गाव म्हणजे बंदर असलेला देश. बैठक बराच वेळ चालली, मानपानाचं ठरलं, चहा झाला, आणि सुपारी फोडायच्या आधी काकांनी उभं राहून दोन्ही बाजूंच्या वतीनं निवेदन केलं की, चर्चा मोकळ्या आणि मैत्रीपूर्ण वातावरणात झाली, काही मुद्द्यांवर मतभेद असले तरी संवाद चालू ठेवण्यावर एकमत झालं. ते ऐकून माझ्या वडिलांनी टोपी उचलली आणि ते चालायला लागले. त्यांना वाटलं, सोयरीक मोडली. त्यांना फाट्यावरून समजावून परत आणावं लागलं.

लग्नानंतर मी आपोआप काकांचा परभणीतला राजदूत झालो. कोर्टाच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं लहानसं दुकान आहे. तिथे बसून मी दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करतो. काका त्याला दूतावास म्हणतात आणि परभणीत कुठल्याही कामाला आले तरी आधी दूतावासात हजेरी लावतात. खुर्चीत टेकतात, पाणी पितात आणि विचारतात, "काय जावईबापू, परभणीची हालहवाल काय?" उकाडा आहे, नळाला पाणी आलेलं नाही आणि तुमची पुतणी त्यावरून माझ्यावर चिडलेली आहे, असं मी सांगितलं तर मान हलवून म्हणतात, "म्हंजी परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात हाय." मी गावी गेलो की मला उंबऱ्याबाहेर थांबवून भेटीचा हेतू विचारतात. सहज आलो म्हटलं तर त्यांना ते पटत नाही. सहज कुणी कुणाकडे जात नसतं असं त्यांचं ठाम मत आहे. काकू या सगळ्याकडे लक्ष देत नाहीत. "जगाचं झालं असंल तर दळण आणा," एवढंच त्यांचं धोरण, आणि खरं सांगायचं तर त्या घरात आजवर अमलात आलेलं धोरण तेवढंच. गाव मात्र काकांना मान देतं. ते ग्रामपंचायतीचे इतके जुने सदस्य आहेत की लोक त्यांना नावानं हाक मारायचं विसरले आहेत, नुसतं 'मेंबर' म्हणतात. माझा या माणसावर फार जीव आहे. तो का आहे ते मला पूर्वी नीट सांगता आलं नसतं, गेल्या शिवरात्रीपासून येतं.

ते सांगण्यासाठी आधी तीन वस्त्यांची मांडणी सांगायला हवी. नावं घेत नाही, कारण तिन्हीकडची माणसं माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येतात. एक काकांचं गाव. ओढ्यापलीकडे थोरलं गाव. बाजार, बँक, दवाखाना आणि पंचक्रोशीतलं महादेवाचं जुनं देऊळ त्यांच्याकडे. आणि दोघांच्या मध्ये, ओढ्याच्या काठाला, वाडी. वाडी मुळात इथली नव्हे. येलदरीचं धरण झालं तेव्हा एक गाव पाण्याखाली गेलं, त्यातली थोडी घरं उठून इथल्या गायरानावर येऊन बसली. त्यांच्या नातवंडांची लग्नं झाली तरी लोक त्यांना अजून 'वर आलेले' म्हणतात. वाडीचा कारभार काकांच्या ग्रामपंचायतीला जोडलेला, पण गायरान पूर्वी थोरल्या गावाचं, म्हणून थोरलं गाव म्हणतं, वाडी आमची. म्हणतं म्हणजे वाडीला देत काहीच नाही, पण लग्नपत्रिकेत कुणी नुसतंच वाडीचं नाव छापलं आणि पुढे थोरल्या गावाचं नाव लावलं नाही तर तिथले पुढारी लग्नाला येत नाहीत. वाडीतले लोक अशा वेळी स्वयंपाक जरा कमी करतात.

तर त्या शिवरात्रीच्या आदल्या उन्हाळ्यात काका पहिल्या गाडीनं दुकानात आले. पाणीसुद्धा मागितलं नाही. "जावईबापू, मशीन चालू करा. कायदा करायचाय." भानगड अशी होती की, कुठल्याशा बलाढ्य देशाच्या संसदेनं एका लहानशा बेटासाठी कायदा केल्याचं त्यांनी वाचलं होतं. बेटाचा शेजारी म्हणतो, बेट माझंच. बलाढ्य देश त्यावर सरळ काही बोलत नाही, पण म्हणतो की आम्ही बेटाला संरक्षणाचं सामान देऊ, आमची माणसं तिकडे जात-येत राहतील आणि जगाच्या पंगतीत त्याला मानाचं पान मिळावं म्हणून खटपट करू. हे वाचून काकांना आपल्या गावाचं काय चुकत होतं ते उमगलं. प्रत्येक मोठ्या सत्तेला एखादा लहान साथीदार असतो आणि आपल्याला तो नाही. "वाडी हाय की," ते म्हणाले. "डोळ्यासमोर हाय, आन आपली नजरच गेली न्हाई." मी म्हणालो, "काका, कायदा संसद करते. ग्रामपंचायत ठराव करते." ते म्हणाले, "मंजूर झाला की कायदाच हाय. तुमी वरी मोठ्या अक्षरात लिवा."

मग मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वाडी संरक्षण व आंतरग्राम मानसन्मान ठराव'. त्यांना 'आंतरराष्ट्रीय' हवं होतं, मी घासाघीस करून 'आंतरग्राम'वर आणलं. गाव सदैव वाडीच्या पाठीशी उभं राहील. गाव वाडीला संरक्षणासाठी लागेल ते साहित्य पुरवील. गावचे पदाधिकारी महिन्यातून एकदा वाडीला अधिकृत भेट देतील आणि तिथे चहा घेतील. वाडीचं नाव वाडी असंच लिहिलं जाईल, पुढेमागे कुणाचं शेपूट लागणार नाही. आणि थोरल्या गावानं वाडीवर दांडगाई केली तर आपलं गाव काय करील, हे सांगितलं जाणार नाही. इथे माझी बोटं थांबली. सांगितलं जाणार नाही म्हणजे काय, असं मी विचारलं. "सांगायचंच न्हाई," काका म्हणाले. "मोठे देश तसंच करतेत. समोरच्याला इचार करू द्यायचा." शेवटचं कलम त्यांनी उठून चपला घालता घालता सांगितलं: महाशिवरात्रीच्या यात्रेत वाडीच्या काठीला स्वतंत्र मान देण्यात येईल. मी तेही टाईप करून टाकलं. दारात रिक्षा थांबलेली होती आणि त्यांना बस गाठायची होती.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला घरकुलांचा विषय होता, म्हणून कधी नव्हे ती गर्दी होती. ग्रामसेवकानं ठराव वाचला. सरपंचांनी एकच विचारलं, "ह्याला खर्च किती?" काका म्हणाले, "काहीच न्हाई." "मग मंजूर," असं म्हणून सरपंच घरकुलांकडे वळले. वाडीची ग्रामपंचायतीत एकच सदस्य आहे, पन्नाशीची विधवा बाई, तिला सगळे अक्का म्हणतात. ती मागे भिंतीला टेकून बसली होती. काकांनी तिला दोन शब्द बोलायची विनंती केली. ती म्हणाली, "आमी फाट्यावर एक दिवा मागितला हुता, त्येचं काय झालं?" काका म्हणाले, "अक्का, दिवा लय बारकी गोष्ट हाय. आता तुमाला दर्जा मिळालाय." अक्कानं विचारलं, "शाळेतून येणाऱ्या पोरीला दर्जानं दिसंल का अंधारात?" सभेनं पुढचा विषय घेतला.

काकांनी मात्र कायदा अक्षरशः अमलात आणला. आधी संरक्षण. वाडीला थोरल्या गावाचा म्हणाल तर रोजचा काही त्रास नव्हता, त्रास होता रानडुकरांचा. सोयाबीन भरली की ती धरणाच्या अंगानं येतात आणि शिवार लोळवून जातात. आमच्याकडे लोक शेतात भोंगा लावतात आणि त्यावर माणसाच्या ओरडण्याचा आवाज वाजत ठेवतात. काकांनी वाडीला भोंगा दिला, बॅटरी दिली आणि आवाज स्वतःचा दिला. पण नुसतं 'हाड हाड' करणं त्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी माझ्या मोबाईलवर जागतिक परिस्थितीचं विवेचन रेकॉर्ड केलं. त्या हंगामात दिवस मावळला की वाडीच्या शिवारातून महासत्तांच्या जबाबदाऱ्या ऐकू यायच्या. डुकरं आली नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. ती थोरल्या गावाच्या शिवारात गेली. मग अधिकृत भेटी. काका महिन्याच्या महिन्याला इस्त्रीचा सदरा घालून वाडीला जात, अक्काच्या अंगणात बाजेवर बसत, चहा घेत आणि वाडीची परिस्थिती समजून घेत. अशाच एका भेटीवरून परतताना ते फाट्यावर अंधारात खड्ड्यात पडले. गुडघा चांगला सुजला आणि पुढच्याच आठवड्यात फाट्यावर दिवा लागला. धोरण खालपर्यंत पोचायला वेळ लागतोच, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

डुकरांच्या तक्रारीवरून थोरल्या गावचे सरपंच एकदा मोटारसायकलवर काकांकडे आले. मी त्या दिवशी तिथे होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"मेंबर, तुमच्या भोंग्यानं डुकरं आमच्यात यायलीत."

"डुकराला हद्द नसती," काका म्हणाले.

"मग आमी वाडीचा वढ्याकडचा रस्ता बंद केला तर तुमी काय करणार?"

"ते मी सांगणार न्हाई."

"कामून?"

"ठरावात तसंच हाय."

"म्हंजी तुमाला बी ठाऊक न्हाई."

"तसं बी असंल. तसं नसंल बी."

सरपंचांनी बराच वेळ काकांच्या तोंडाकडे बघितलं. त्यावर वाढलेले खुंट सोडले तर वाचण्यासारखं काही नव्हतं. चहा पिऊन ते निघून गेले आणि रस्ता काही बंद झाला नाही. काका हे आपल्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं यश मानतात. काकूंचं म्हणणं असं की, सरपंचाचा स्वतःचाच ऊस त्या रस्त्यानं जातो, तो कशाला बंद करील.

दिवाळी झाली, थंडी सरत आली आणि शिवरात्र जवळ आली तसं काकांना शेवटचं कलम आठवलं. काठी म्हणजे आमच्याकडे घराच्या उंचीचा बांबू असतो, त्याला रंगीत कापड गुंडाळतात, वर झेंडा लावतात. शिवरात्रीला पंचक्रोशीतल्या काठ्या वाजतगाजत महादेवाला येतात. गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून एकेका काठीचं नाव पुकारतो आणि ज्याचं नाव घेतलं ती काठी पुढे जाऊन देवळाच्या भिंतीतल्या लोखंडी कडीत उभी राहते. मानाच्या काठ्या पाच, त्यातल्या चार चार गावांच्या. तिसरी तेवढी गावाची नाही, ती काकांच्या घराण्याची. पहिल्यापासून तसंच, असं काका सांगत आले होते. वर्षभर ती त्यांच्या माजघरात आढ्याला बांधलेली असते आणि शिवरात्रीला काका फेटा बांधून तिला पहिला हात लावतात. त्या एका दिवशी ते जगाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. वाडीचीही एक काठी होती, पण तिचं नाव पुकारत नसत. ती काकांच्या काठीच्या मागे, भिंतीला नुसती टेकवून ठेवत.

काकांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही ठरावाची प्रत घेऊन गुरवाकडे गेलो. गुरव म्हातारा, शांत माणूस. त्यानं ठराव पूर्ण वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ठराव चांगला हाय, मेंबर. पण मान काही वाढत नसतो. भित्तीत कड्या पाचच हायत. एक काठी निघाली तर तिच्या जागी दुसरी बसंल." काका म्हणाले, "मग कोन निघंल?" मग गुरवानं सांगितलं. तिसरी कडी पाण्याखाली गेलेल्या गावाची होती. गाव उठलं, माणसं पांगली, त्या वर्षी काठी आली नाही आणि कडी रिकामी ठेवू नये म्हणून देवस्थानानं तो मान काकांच्या आज्याला दिला. पुढे वाडी वसली, त्यांनी आपली काठी आणली, तोवर जागा भरलेली होती. "जुन्या लोकायला सगळ्यायला ठाऊक हाय," गुरव म्हणाला. "तुमच्या वडलाला बी ठाऊक हुतं. इचारलंच न्हाई कुनी, म्हणून बोलायचा विषय निघाला न्हाई."

परत येताना काका माझ्या गाडीवर मागे बसले होते. ओढा ओलांडला आणि ते म्हणाले, "वाडीकडं घ्या." अक्का अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली. काकांनी तिला थांबवलं.

"अक्का, तिसऱ्या कडीचं तुमाला ठाऊक हुतं?"

"हुतं की."

"मग इतक्या बाऱ्या आलो, बोलल्या न्हाईत."

"तुमी चहा प्यायला यायले, मेंबर," अक्का म्हणाली. "तवा कसं बोलावं?" सूप पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "आमाला बाकी काही नको. एकदा नाव पुकारलं की झालं. नाव न्हाई घेतलं तर आमी तिथं कोन म्हणून उभं ऱ्हावं?"

त्या आठवड्यात काकांनी पेपर वाचला नाही. हॉटेलवाल्यानं पान राखून ठेवलं आणि शेवटी त्यात भजी बांधली. यंदा आपली काठी येणार नाही असं त्यांनी गुरवाला कळवलं, तेव्हा काकूंनी तर आकाशपाताळ एक केलं. "बेट कुठं हाय मला ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "ही काठी ठाऊक हाय. लगीन होऊन आले तवापासून दर साली मी तिला धुतलीय, कापड शिवलंय, हळदकुंकू लावलंय. तुमी नुसता हात लावतेत. ती मपली हाय." काकांच्या गावच्या सरपंचांना कळलं तेव्हा त्यांनी फार सोपा उपाय सुचवला; पुढच्या ग्रामसभेत ठराव मागे घेऊ, कुणाच्या लक्षात आहे. मीसुद्धा राजदूत म्हणून सल्ला दिला. दिवसभर कायद्याची भाषा टाईप करणारा माणूस मी. म्हणालो, "काका, असल्या ठरावाला कायद्यानं काडीची किंमत नाही. पाळला नाही तर कुणी काही करू शकत नाही." काका म्हणाले, "म्हणूनच पाळावा लागतो, जावईबापू. बाकीचे कायदे पाळून घ्यायला पोलीस हाय. ह्याला मी एकटाच हाव." हे ते नेहमीच्या आवाजात, खुंट खाजवत म्हणाले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी आणि बायको गावी पोचलो तेव्हा काकू शिलाई मशीनवर बसल्या होत्या. समोर लाल आणि भगव्या कापडाचे तागे. आढ्याची काठी तशीच बांधलेली होती, खाली उतरवली नव्हती. मी चौकशी करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "वाडीच्या काठीचं कापड मी पाहिलंय, पार इटलंय. असल्या कापडानिशी कुनी नाव पुकारून घेऊ नये." मशीन चालूच होतं. काका ओसरीवर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे थोरल्या गावाला गेलो. यात्रा भरात होती. गर्दीतून वाट काढत काका सवयीनं सरळ देवळाच्या पायऱ्यांकडे निघाले, आणि लोकही सवयीनं बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागले. पायऱ्या अगदी जवळ आल्यावर ते थांबले. वाडीची माणसं तिथे नव्या कोऱ्या कापडाची काठी धरून उभी होती, अक्का पुढे होती. तिनं काकांना बघून जागा करून दिली, तरी ते गेले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि मागे फिरले. माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "जावईबापू, बाकीचे लोक कुठं थांबतेत?"

इतक्या वर्षांत त्यांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मला ठाऊक होतं. मी दर यात्रेला तिथेच थांबत आलो आहे. देवळाच्या उजव्या अंगाला, जनरेटरच्या पलीकडे, लिंबाखाली. तिथे बायका लेकरांना घेऊन बसतात, फुगेवाला असतो आणि मधे मंडप येत असल्यामुळे पायऱ्या अजिबात दिसत नाहीत. आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. एका ओळखीच्या माणसानं काकांना बघितलं आणि गडबडून स्वतःची जागा देऊ केली. काकांनी त्याला बसून राहायला सांगितलं. काकू पदर सावरून माझ्या बायकोजवळ टेकल्या. काकांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कधी पाठीमागे घेत, कधी पोटावर बांधत. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी फुगेवाल्याकडे बघत राहिलो.

पहिली काठी पुकारली गेली. ढोल वाजले. दुसरी पुकारली गेली. मग ढोल थांबले आणि गुरवाचा आवाज आला. त्यानं वाडीचं नाव घेतलं नाही. पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव घेतलं. ते नाव मी कागदावर कधी टाईप केलेलं नव्हतं आणि लिंबाखालच्या अर्ध्या लोकांनी ते पूर्वी ऐकलेलं नव्हतं. पायऱ्यांकडून 'हर हर महादेव' उठलं. वाडीत माणसं ती किती, पण आवाज मोठा होता. काकूंनी विचारलं, "कापड दिसायलंय का कसं?" काका टाचा उंचावून मंडपाच्या वरून बघायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी टाचा खाली टेकवल्या.

"दिसत न्हाई इथून," ते म्हणाले. पायऱ्यांकडे ढोल वाजू लागले तशी त्यांनी मान तिकडे कलती केली आणि म्हणाले, "ऐकू मातर येतंय."